कंपनीचे घर आणि प्राप्तिकराचा हिशेब

नियोक्त्याकडून राहण्यासाठी मिळणारे घर हे प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने वेतनाचाच एक भाग आहे. घर विनामूल्य असो वा नाममात्र भाड्याचे, नियमांनुसार त्याचे मूल्य ठरवून ते कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि त्यावर कर आकारला जातो. हे मूल्य घराच्या आकारावरून किंवा त्या परिसरातील भाड्याच्या दरावरून सहसा ठरत नाही. ते ठरते मुख्यतः तीन बाबींवरून: घर कोणाच्या मालकीचे आहे किंवा भाडेकरार कोणाच्या नावावर आहे, कर्मचाऱ्याचे वेतन किती आहे आणि घर कोणत्या शहरात आहे.

या तीन बाबींपैकी एक जरी बदलली, तरी त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या वार्षिक करात हजारो रुपयांचा फरक पडू शकतो. नोकरी स्वीकारताना किंवा बदलीच्या ठिकाणी रुजू होताना 'कंपनीचे घर घ्यावे की घरभाडे भत्ता' हा प्रश्न अनेकांपुढे येतो. त्याचे उत्तर नियम समजून घेतल्यावरच देता येते.

प्रस्तुत लेखातील दर व उदाहरणे 1961 चा प्राप्तिकर कायदा व 1962 चे प्राप्तिकर नियम यांवर आधारित असून ती आर्थिक वर्ष 2025-26, म्हणजे 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नासाठी आहेत.

अनुलाभ म्हणजे काय?

रोख वेतनाखेरीज नोकरीच्या निमित्ताने मिळणाऱ्या सुविधांना कायद्याच्या भाषेत 'अनुलाभ' म्हणतात. कार्यालयांमध्ये 'पर्क्स' हाच शब्द अधिक रूढ आहे. मोटार, घरकामासाठी नोकर, सवलतीचे कर्ज आणि घर ही त्याची परिचित उदाहरणे. कायद्याच्या कलम 17 च्या दुसऱ्या उपकलमात अनुलाभांची व्याख्या असून त्यांचे मूल्य कसे काढावे, हे नियम 3 मध्ये सांगितले आहे.

यामागील तत्त्व सोपे आहे. दोन कर्मचाऱ्यांना सारखेच काम व सारखेच रोख वेतन असताना एकाला घरही मिळत असेल, तर त्याचे प्रत्यक्ष उत्पन्न अधिक आहे. केवळ रोख रकमेवर कर लावला, तर वेतनाचा मोठा भाग सुविधांच्या रूपाने देऊन कर टाळणे शक्य होईल. म्हणून सुविधेचे पैशातील मूल्य ठरवावे लागते. प्रत्येक घराचे बाजारभावाने मूल्यांकन करणे अवघड असल्याने नियमांनी वेतनाच्या टक्केवारीचा मार्ग स्वीकारला आहे.

या मार्गाचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. वेतन वाढले की घराचे करपात्र मूल्यही वाढते, मग घराच्या भिंती, क्षेत्रफळ आणि अवस्था तीच का असेना. कारखान्याच्या वसाहतीतील एकाच चाळीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांच्या घराचे मूल्य म्हणूनच वेगवेगळे असू शकते.

भाडेकरार कोणाच्या नावावर?

घर नियोक्त्याने भाड्याने घेऊन कर्मचाऱ्याला दिले असेल, तर त्याचे मूल्य वेतनाच्या 10 टक्के किंवा प्रत्यक्ष दिलेले भाडे, यांपैकी जे कमी असेल ते धरले जाते. येथे शहराच्या लोकसंख्येचा संबंध येत नाही. मुंबई असो वा मिरज, दर तोच.

मात्र यासाठी घर नियोक्त्याने भाड्याने घेतलेले असणे आवश्यक आहे. घरमालकाबरोबरचा करार कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावे केला असेल आणि कंपनी केवळ त्याचे भाडे भरत असेल, तर चित्र पूर्णपणे बदलते. भाडे देण्याची जबाबदारी मुळात कर्मचाऱ्याची होती आणि ती कंपनीने त्याच्या वतीने पार पाडली, असा त्याचा अर्थ होतो. अशी संपूर्ण रक्कम कर्मचाऱ्याचा अनुलाभ ठरते. वेतनाच्या 10 टक्क्यांची मर्यादा तिला लागू होत नाही.

दोन्ही प्रसंगी घर तेच, घरमालक तोच आणि कंपनीच्या खात्यातून जाणारी रक्कमही तीच. फरक असतो तो करारावरील नावाचा. म्हणूनच 'कंपनी भाडे भरते' एवढ्या माहितीवर समाधान न मानता करारातील भाडेकरू कोण, हे तपासणे गरजेचे ठरते.

कंपनीच्या मालकीचे घर आणि शहरानुसार दर

घर नियोक्त्याच्या स्वतःच्या मालकीचे असेल, तर शहराच्या लोकसंख्येनुसार तीन दर आहेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2023 मध्ये नियमांत दुरुस्ती करून 1 सप्टेंबर 2023 पासून हे दर लागू केले. 2011 च्या जनगणनेनुसार 40 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात वेतनाच्या 10 टक्के, 15 लाखांहून अधिक परंतु 40 लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरात साडेसात टक्के आणि इतर सर्व ठिकाणी 5 टक्के मूल्य धरले जाते. कर्मचाऱ्याकडून भाड्यापोटी काही रक्कम वसूल केली जात असल्यास ती या मूल्यातून वजा होते.

त्यापूर्वी हे दर अनुक्रमे 15, 10 आणि साडेसात टक्के होते आणि त्यांच्यासाठी 2001 च्या जनगणनेतील 25 लाख व 10 लाख या लोकसंख्येच्या सीमा होत्या. भाड्याने घेतलेल्या घरासाठीही 10 ऐवजी 15 टक्क्यांची मर्यादा होती.

दर आणि जनगणना ही दोन्ही एकाच वेळी बदलल्याने काही शहरांतील कर्मचाऱ्यांना दुहेरी लाभ झाला. पुणे हे त्याचे ठळक उदाहरण. 2001 च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या 25 लाखांच्या किंचित वर होती, त्यामुळे तेथे सर्वोच्च म्हणजे 15 टक्के दर लागू होता. 2011 मध्ये ती सुमारे 31 लाख झाली. परंतु वरच्या गटाची सीमा 40 लाखांवर गेल्याने पुणे मधल्या गटात आले आणि दर निम्मा होऊन साडेसात टक्क्यांवर आला.

नागपूर, ठाणे व पिंपरी-चिंचवड ही शहरेही याच मधल्या गटात मोडतात. महाराष्ट्राबाहेर मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेली इंदूर आणि वडोदरा ही शहरेही तेथेच आहेत. बृहन्मुंबई, दिल्ली, बंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद, चेन्नई, कोलकाता आणि सुरत ही शहरे 40 लाखांच्या वर असल्याने त्यांना 10 टक्के दर आहे. नाशिकची लोकसंख्या 2011 मध्ये 15 लाखांना थोडी कमी होती, त्यामुळे तेथे 5 टक्के दर येतो. नवी मुंबई, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव, ग्वाल्हेर आणि भिलाई हीदेखील 5 टक्क्यांच्या गटात येतात.

हिशेब प्रत्यक्ष कसा होतो ते पाहू. एखाद्या कर्मचाऱ्याचे या कामासाठीचे वार्षिक वेतन 15 लाख रुपये आहे आणि कंपनी त्याच्याकडून घरापोटी दरमहा 5,000 रुपये, म्हणजे वर्षाला 60,000 रुपये वसूल करते. घर मुंबईत असेल, तर 10 टक्क्यांप्रमाणे मूल्य 1,50,000 रुपये आणि वसुली वजा जाता करपात्र रक्कम 90,000 रुपये. तेच घर पुण्यात असेल, तर मूल्य 1,12,500 रुपये आणि करपात्र रक्कम 52,500 रुपये. नाशिकमध्ये मूल्य 75,000 रुपये आणि करपात्र रक्कम केवळ 15,000 रुपये राहते.

'वेतन' या शब्दाची व्याप्ती

टक्केवारी ज्या वेतनावर काढायची, ते वेतन म्हणजे केवळ मूळ वेतन नव्हे. त्यात मूळ वेतनाबरोबर बोनस, कमिशन आणि करपात्र असलेले सर्व भत्ते धरले जातात. निवृत्तिलाभांसाठी गणला जाणारा महागाई भत्ताही त्यात येतो. निवृत्तिलाभांसाठी न गणला जाणारा महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधीतील नियोक्त्याचा हिस्सा, करमुक्त भत्ते आणि इतर अनुलाभांचे मूल्य त्यातून वगळले जाते. तसेच घर वर्षातील काही महिनेच वापरात असेल, तर तेवढ्याच कालावधीचे वेतन विचारात घेतले जाते.

घरभाडे भत्त्यावरील सवलत मोजताना मात्र वेतनाचा अर्थ अधिक मर्यादित आहे. तेथे मूळ वेतन, निवृत्तिलाभांसाठी गणला जाणारा महागाई भत्ता आणि विक्रीच्या ठरावीक टक्केवारीने मिळणारे कमिशन एवढेच घटक येतात. बोनस व विशेष भत्ता त्यात येत नाहीत. ज्या कर्मचाऱ्याच्या वेतनात मूळ वेतनाचा वाटा कमी आणि विशेष भत्त्याचा वाटा मोठा असतो, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळा नियम

केंद्र व राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवासस्थानांना टक्केवारीचा नियम लागू नाही. सरकारने त्या निवासस्थानासाठी ठरवलेले परवाना शुल्क, ज्याला कार्यालयीन भाषेत 'लायसन्स फी' म्हणतात, तेच त्याचे मूल्य मानले जाते. त्यातून कर्मचाऱ्याकडून वसूल झालेली रक्कम वजा होते. हे शुल्क बहुधा वेतनातूनच कापले जात असल्याने अनेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत करपात्र मूल्य शून्य येते. सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना मिळणारे विनाभाड्याचे शासकीय निवासस्थान तर त्यांच्या सेवाशर्तींच्या स्वतंत्र कायद्यांनुसार वेतनाच्या उत्पन्नात धरलेच जात नाही.

ही तरतूद सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांना मात्र लागू होत नाही. संस्थेची मालकी सरकारची असली, तरी तिचे कर्मचारी या नियमापुरते सरकारी कर्मचारी गणले जात नाहीत. पोलाद कारखान्याच्या, तेल कंपनीच्या किंवा बँकेच्या वसाहतीत राहणाऱ्यांना खासगी क्षेत्राप्रमाणेच टक्केवारीचा हिशेब करावा लागतो. सरकारकडून अशा उपक्रमात प्रतिनियुक्तीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांसाठी नियमांत स्वतंत्र तरतूद आहे.

न्यायालयात गाजलेला वाद

टक्केवारीची ही पद्धत वादाशिवाय रुळलेली नाही. 2001 मध्ये नियम 3 मध्ये मोठा बदल करण्यात आला आणि नियोक्त्याने दिलेल्या घराचे मूल्य सरसकट वेतनाच्या ठरावीक टक्केवारीने काढण्यास सुरुवात झाली. त्याविरुद्ध कर्मचाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. जुन्या वसाहतीतील लहान घराला बाजारात जेवढे भाडे मिळणार नाही, त्याहून अधिक मूल्य कागदावर धरले जाते. मग नियोक्त्याने सवलत दिली असे म्हणता येईल काय, असा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता.

'अरुण कुमार विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2006 मध्ये निकाल दिला. न्यायालयाने नियम 3 वैध ठरवला. मात्र कर्मचाऱ्याकडून भाडे घेतले जात असेल, तर भाड्यात खरोखर सवलत दिली आहे हे आधी सिद्ध झाले पाहिजे आणि त्यानंतरच टक्केवारीचा नियम लावता येईल, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

कर्मचाऱ्यांना मिळालेला हा दिलासा अल्पजीवी ठरला. 2007 च्या वित्त कायद्याद्वारे सरकारने कलम 17 मध्येच दुरुस्ती केली आणि ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. टक्केवारीने येणारे मूल्य कर्मचाऱ्याने दिलेल्या भाड्याहून अधिक असेल, तर फरकाची रक्कम ही भाड्यातील सवलतच मानली जाईल, असे त्यात नमूद करण्यात आले. आपले घर इतक्या मूल्याचे नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून जवळपास निरुपयोगी झाला आहे.

घर घ्यावे की भत्ता?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुंबईतील एका खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याचे वार्षिक वेतन 15 लाख रुपये असून त्यात मूळ वेतन 10 लाख आणि बोनस व करपात्र भत्ते मिळून 5 लाख आहेत. याशिवाय घरासाठी कंपनी वर्षाला 4,80,000 रुपये, म्हणजे महिन्याला 40,000 रुपये खर्च करण्यास तयार आहे. ही रक्कम तीन प्रकारे दिली जाऊ शकते. कंपनी स्वतःच्या नावे घर भाड्याने घेऊन देईल, कर्मचाऱ्याच्या नावावरील घराचे भाडे भरेल किंवा तेवढाच घरभाडे भत्ता रोख देईल.

आधी नवी करप्रणाली पाहू. 2023-24 पासून हीच मूळ प्रणाली मानली जाते आणि जुनी हवी असल्यास तसा पर्याय निवडावा लागतो. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्यावर कोणतीही सवलत मिळत नाही. त्यामुळे भत्ता घेतला काय किंवा स्वतःच्या नावावरील घराचे भाडे कंपनीकडून भरून घेतले काय, संपूर्ण 4,80,000 रुपये करपात्र होतात. 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न 19,05,000 रुपये येते आणि 4 टक्के उपकरासह कर 1,88,240 रुपये होतो.

कंपनीने स्वतःच्या नावे घर घेऊन दिले, तर वेतनाच्या 10 टक्के, म्हणजे 1,50,000 रुपयेच उत्पन्नात मिळवले जातात, कारण ही रक्कम प्रत्यक्ष भाड्याहून कमी आहे. करपात्र उत्पन्न 15,75,000 रुपये आणि उपकरासह कर 1,20,900 रुपये. केवळ करार कंपनीच्या नावे असल्यामुळे वर्षाला 67,340 रुपये वाचतात.

जुन्या करप्रणालीत हा क्रम उलटतो. तेथे घरभाडे भत्त्यावर सवलत मिळते. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, वेतनाच्या 10 टक्क्यांहून अधिक भरलेले भाडे आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे वेतनाच्या 50 टक्के, अन्यत्र 40 टक्के, या तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त असते. आपल्या उदाहरणात या रकमा अनुक्रमे 4,80,000, 3,80,000 आणि 5,00,000 रुपये आहेत. म्हणजे 3,80,000 रुपये करमुक्त आणि केवळ 1,00,000 रुपये करपात्र. कंपनीने घर दिले असते, तर 1,50,000 रुपये करपात्र ठरले असते. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या या कर्मचाऱ्याला जुन्या प्रणालीत भत्ता घेतल्याने उपकरासह 15,600 रुपयांचा फायदा होतो.

तरीही याच कर्मचाऱ्याने 50,000 रुपयांची प्रमाणित वजावट आणि कलम 80 क खालील 1,50,000 रुपयांची पूर्ण वजावट घेतली, तर जुन्या प्रणालीत भत्त्यासह त्याचा एकूण कर 2,41,800 रुपये होतो. नव्या प्रणालीत संपूर्ण भत्ता करपात्र धरूनही येणाऱ्या कराहून ही रक्कम अधिक आहे. गृहकर्जाचे व्याज किंवा इतर मोठ्या वजावटी असणाऱ्यांचे चित्र वेगळे असू शकते. म्हणून प्रत्येकाने आपले आकडे घालूनच तुलना करावी.

येथे एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला कोणती करप्रणाली घ्यायची, हे दरवर्षी मुदतीत विवरणपत्र भरताना ठरवता येते. घराची व्यवस्था मात्र वर्ष संपल्यावर मागे जाऊन बदलता येत नाही. करार कर्मचाऱ्याच्या नावे झाला असेल, तर मार्चअखेरीस तो कंपनीच्या नावे होता असे दाखवता येणार नाही. कराचा विचार करार करण्यापूर्वीच व्हायला हवा.

लहान रक्कम, मोठा परिणाम

घराचे मूल्य किरकोळ वाटले, तरी काही उत्पन्नगटांत त्याचा परिणाम मोठा होतो. 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. 15 लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरात कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे वार्षिक वेतन 12,50,000 रुपये आहे असे समजू. प्रमाणित वजावटीनंतर त्याचे उत्पन्न 11,75,000 रुपये, म्हणजे कर शून्य.

आता घराचे 5 टक्क्यांप्रमाणे 62,500 रुपये मूल्य मिळवले, की उत्पन्न 12,37,500 रुपये होते आणि ते 12 लाखांची सीमा ओलांडते. सीमेलगतच्या उत्पन्नाला मिळणारी विशेष सवलत धरूनही त्याला 37,500 रुपये कर व 1,500 रुपये उपकर, असे एकूण 39,000 रुपये भरावे लागतात. साडेबासष्ट हजारांच्या सुविधेपोटी एकोणचाळीस हजारांचा कर, असा हा हिशेब आहे.

हाच कर्मचारी घरापोटी दरमहा 3,200 रुपये भरत असेल, तर वर्षाची 38,400 रुपयांची वसुली वजा होऊन घराचे करपात्र मूल्य 24,100 रुपये राहते. उत्पन्न 11,99,100 रुपये होते आणि कर पुन्हा शून्यावर येतो. वेतनचिठ्ठीत कापली जाणारी ही रक्कम कंपनीच्या कर विभागाने हिशेबात धरली नाही, तर कर्मचाऱ्यावर विनाकारण 39,000 रुपयांचा बोजा पडेल.

फर्निचर, हॉटेल आणि बदली

घराबरोबर पलंग, कपाटे, दूरदर्शन संच, शीतकपाट, वातानुकूलन यंत्र अशा वस्तू दिल्या असतील, तर त्यांच्या मूळ किमतीच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी घराच्या मूल्यात मिळवली जाते. वस्तू भाड्याने आणल्या असतील, तर प्रत्यक्ष भाडे धरले जाते. 3 लाख रुपयांचे सामान असलेल्या घराचे मूल्य त्यामुळे वर्षाला 30,000 रुपयांनी वाढते. वीज, पाणी व गॅसची देयके कंपनी बाहेरील पुरवठादाराला भरत असेल, तर तो खर्च स्वतंत्र अनुलाभ ठरतो.

हॉटेलमध्ये निवासाची सोय केली असेल, तर त्या कालावधीच्या वेतनाच्या 24 टक्के किंवा प्रत्यक्ष खर्च, यांपैकी कमी असलेली रक्कम करपात्र असते. बदलीमुळे नव्या ठिकाणी 15 दिवसांपर्यंत हॉटेलमध्ये राहावे लागले, तर त्यावर कर नाही.

बदलीनंतर मुलांच्या शाळेसाठी कुटुंब जुन्या घरात आणि कर्मचारी नव्या घरात, अशी स्थिती अनेकदा येते. दोन्ही घरे नियोक्त्याची असतील, तर पहिल्या 90 दिवसांपर्यंत कमी मूल्याचे एकच घर हिशेबात घेतले जाते. त्यानंतर दोन्ही घरांचे मूल्य उत्पन्नात मिळवले जाते. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत जुने घर ठेवण्याचा निर्णय घेताना ही मुदत लक्षात ठेवावी.

खाणी, धरणे, वीजनिर्मिती व इतर प्रकल्पांची बांधकामस्थळे, तसेच समुद्रातील तेलक्षेत्रे येथे काम करणाऱ्यांना नियमांत सूट आहे. अशा ठिकाणचे घर दुर्गम भागात असेल, किंवा ते तात्पुरत्या स्वरूपाचे, मर्यादित क्षेत्रफळाचे आणि नगरपालिकेच्या हद्दीपासून किमान 8 किलोमीटर दूर असेल, तर त्याचे मूल्य करपात्र नसते.

एकाच घरात अनेक वर्षे

2023 च्या दुरुस्तीने आणखी एक दिलासा दिला. तोच कर्मचारी एकाच घरात एकाहून अधिक वर्षे राहत असेल, तर घराचे मूल्य वेतनवाढीच्या वेगाने अमर्याद वाढू नये म्हणून त्यावर महागाईची मर्यादा घालण्यात आली. त्यासाठी भांडवली नफ्याच्या हिशेबात वापरला जाणारा 'कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स' हा निर्देशांक आधारभूत धरला जातो. 2023-24 किंवा घर प्रत्यक्ष मिळाले ते वर्ष, यांपैकी जे नंतरचे असेल ते पहिले वर्ष मानतात.

हा निर्देशांक 2023-24 मध्ये 348 होता आणि 2025-26 साठी 376 आहे. पहिल्या वर्षी घराचे मूल्य 1,00,000 रुपये आले असेल, तर 2025-26 मध्ये ते सुमारे 1,08,046 रुपयांहून अधिक धरता येत नाही. पदोन्नतीमुळे वेतन वाढून टक्केवारीने ते 1,40,000 रुपये येत असले, तरीही नाही. पदोन्नतीबरोबर घर बदलले, तर मात्र नव्या घरासाठी हिशेब नव्याने सुरू होतो.

कोणती कागदपत्रे तपासावीत?

अनुलाभांचे मूल्य ठरवून त्यावरील कर वेतनातून कापण्याची जबाबदारी नियोक्त्याची आहे. वर्षअखेरीस मिळणाऱ्या फॉर्म 16 मध्ये अनुलाभांची एकूण रक्कम असते आणि तिचा तपशील फॉर्म 12 बीए मध्ये दिलेला असतो. कर्मचाऱ्याने त्यात पुढील गोष्टी पाहाव्यात: घर मालकीचे दाखवले आहे की भाड्याचे, शहराचा दर योग्य लावला आहे काय, ज्या महिन्यांत घर ताब्यात नव्हते त्यांचे वेतन वगळले आहे काय, वसूल झालेले भाडे वजा केले आहे काय, आणि एकाच घरात राहत असल्यास महागाईची मर्यादा पाळली आहे काय. चूक आढळल्यास विवरणपत्र भरण्यापूर्वी कंपनीकडून फॉर्म दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर.

काही कंपन्या अशा सुविधेवरील कर स्वतः भरतात. बिगररोख अनुलाभावर नियोक्त्याने स्वतःहून भरलेला कर कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात पुन्हा मिळवला जात नाही. नोकरीच्या अटी ठरवताना याविषयी विचारणा करण्यास हरकत नाही.

1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नासाठी प्राप्तिकर कायदा 2025 हा नवा कायदा आहे. नियोक्त्याने दिलेले घर हा अनुलाभ आहे, हे तत्त्व त्यातही कायम आहे. त्या उत्पन्नासाठी दर व मर्यादा नव्या नियमांवरून पडताळून घ्याव्यात.

कराखेरीज इतर बाबींचाही विचार व्हायलाच हवा. कंपनीच्या घरामुळे अनामत रकमेची आणि घर शोधण्याची दगदग वाचते. मात्र नोकरी सुटली की घरही सोडावे लागते. तरीही निर्णय घेण्यापूर्वी करारावर नाव कोणाचे, वेतनात कोणते घटक धरले जाणार आणि आपण कोणत्या करप्रणालीत आहोत, या तीन प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या लेखा विभागाकडून लेखी स्वरूपात घेणे हिताचे ठरते.